स्वयंपाकघराच्या कपाटांना दारे कोणती? निवडीपूर्वी हवेचा विचार आवश्यक

वाराणसी : नवे स्वयंपाकघर करताना ओट्याचा दगड आणि भिंतीच्या फरशा यांवर घरात बराच खल होतो. कपाटांची दारे मात्र बहुधा दुकानातील छायाचित्र पाहून ठरविली जातात. वास्तविक दिवसभरात सर्वाधिक हाताळली जाणारी आणि वाफ, तेल, पाणी व उष्णता सतत सोसणारी वस्तू म्हणजे ही दारेच होत. काशीसारख्या शहरात उन्हाळ्यातील लू, पावसाळ्यातील दमटपणा आणि हिवाळ्यातील धुके एकाच वर्षात अनुभवास येते. तेथे निवड चुकल्यास दारे अडकू लागतात, कडा फुगतात आणि केलेला खर्च वाया जातो.

ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगा घाटाच्या परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. भिंतीतील फडताळ, दुधातुपासाठी जाळीचे कपाट आणि भांड्यांची उघडी मांडणी ही मराठी घरांची परिचित व्यवस्था. आज तिची जागा तयार कपाटे आणि ट्रॉल्यांनी घेतली आहे. तरीही दार कशासाठी हवे, हा प्रश्न तोच आहे.

लाकूड का हलते?

लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि कोरड्या हवेत तो सोडते. त्यामुळे ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. वाराणसीत मे-जूनमध्ये पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो व हवा अतिशय कोरडी असते. पावसाळा सुरू होताच हीच हवा ओलसर होते. अशा ठिकाणी अस्सल लाकडाच्या रुंद फळीचे दार वाकण्याचा किंवा तडकण्याचा धोका अधिक.

यावर सुतारांनी जुन्या काळीच उपाय शोधला. चार पट्ट्यांची चौकट करून तिच्या खाचेत मधली फळी केवळ सरकवून ठेवायची. ती चिकटवायची नाही. फळीला हलण्यास जागा राहते आणि चौकट आपला आकार सोडत नाही. अमेरिकेतील शेकर या साधेपणा जपणाऱ्या धर्मपंथाच्या नावाने आज जगभर विकली जाणारी दारांची शैली याच तत्त्वावर आधारलेली आहे. फळी खाचेत खिळ्यांनी वा डिंकाने पक्की केल्यास मूळ हेतूच नष्ट होतो. फळीला रंग जोडणीपूर्वी द्यावा, अन्यथा उन्हाळ्यात ती आकसल्यावर कडेला रंग नसलेली रेघ दिसू लागते.

लाकूड घेताना नावाचीही खात्री करावी. उत्तर प्रदेशात फर्निचरसाठी वापरले जाणारे शीशम आणि महाराष्ट्रातील शिसव एकाच कुळातील असले, तरी ते दोन वेगळे वृक्ष आहेत.

सपाट की चौकटीचे?

चौकटीचे दार भारदस्त दिसते, परंतु त्याच्या खोबणीत फोडणीचा तेलकट थर व धूळ साचते. नक्षी जितकी अधिक, तितकी सफाई अवघड. रोज फोडणी आणि तळण होणाऱ्या घरात शेगडीजवळची दारे सपाट असणे सोयीचे. चौकटीच्या दारांची हौस असल्यास ती शेगडीपासून दूरच्या कपाटांना लावता येतात.

सपाट दारे बहुधा प्लायवूड किंवा एमडीएफची असतात. एमडीएफ गुळगुळीत असून त्यावर रंग उत्तम बसतो. मात्र त्यात पाणी शिरल्यास ते फुगते आणि पूर्ववत होत नाही. सिंकखालील कपाटासाठी आयएस ७१० मानकाचे मरीन प्लायवूड अधिक सुरक्षित ठरते. त्यावरील लॅमिनेट, ज्याला आपण सर्रास ‘सनमायका’ या व्यापारी नावानेच ओळखतो, ओल्या फडक्याने सहज पुसता येते. एमडीएफवर उष्णतेने चढविलेला पीव्हीसीचा पातळ थर शेगडीच्या सततच्या उष्णतेने सुटण्याची शक्यता असते. कोणत्याही प्रकारात चारही कडांना पट्टी बसवलेली आहे ना, हे तपासावे. पाणी प्रथम कडेतूनच शिरते.

जाळी आणि काच

बंद दारामागे हवा खेळत नाही. पावसाळ्यात डाळी, मसाले आणि लाकडी पोळपाट यांना बुरशी लागण्याचे ते एक कारण आहे. कांदे-बटाट्यांसाठी जाळीचे किंवा झडपांचे दार आजही उपयुक्त आहे. काचेचे दार शोभिवंत असते, पण आतील पसारा दाखवते. रोज न लागणाऱ्या भांड्यांसाठी ते ठीक.

आतील वस्तूनुसार साठवणीची रचना ठरविण्याचे प्रसिद्ध उदाहरण जर्मनीत आढळते. वास्तुशास्त्रज्ञ मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये ‘फ्रँकफर्ट किचन’ची आखणी केली. पीठ, साखर, तांदूळ यांसाठी तीत अॅल्युमिनियमचे वेगवेगळे खण होते. माश्या निळ्या रंगापासून दूर राहतात, या समजुतीने कपाटे निळ्या रंगात रंगविण्यात आली होती.

पूर, वाळवी आणि माकडे

गंगेची वाराणसीतील धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. नदीकाठच्या सखल वस्तीत तळमजल्यावर स्वयंपाकघर असल्यास ओट्याखाली लाकडी दारांऐवजी स्टेनलेस स्टीलचा विचार करावा. इतरत्रही कपाट जमिनीला न टेकवता पायांवर उभे करावे आणि खालची पट्टी काढता येण्याजोगी ठेवावी. त्यामुळे ओल व वाळवी वेळीच लक्षात येते.

काशीच्या गल्ल्यांत माकडांचा उपद्रवही नित्याचा आहे. गच्चीलगतच्या स्वयंपाकघरात केवळ चुंबकावर बंद होणारे दार पुरेसे नाही. खिटी किंवा कडी हवीच. मुठींसाठी मात्र स्थानिक कलेचा उपयोग करता येईल. वाराणसीच्या लाखकामाच्या लाकडी वस्तूंना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. लाख उष्णतेने मऊ होते, म्हणून अशा मुठी शेगडीपासून दूरच शोभतात.

ठरविण्यापूर्वी

नमुन्याचा छोटा तुकडा घरी आणावा. तो रात्रभर पाण्यात ठेवून कडा फुगतात का, हे पाहावे. हळद व तेलाचा डाग लावून तो पुसून पाहावा. एमडीएफ वा प्लायवूडमधून बाहेर पडणाऱ्या फॉर्मल्डिहाइडचा वर्ग विक्रेत्यास विचारावा. ई-१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा माल घ्यावा. बिजागऱ्यांवर काटकसर करू नये, कारण दाराचा सारा भार त्यांच्यावरच असतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अंतिम निर्णय त्या ओट्यापुढे रोज उभे राहणाऱ्या व्यक्तीचा असावा. छायाचित्र पाहणाऱ्यास दाराचा रंग दिसतो. दार दिवसातून कितीदा उघडावे आणि पुसावे लागते, हे तिलाच ठाऊक असते.