सरकत्या थरांची स्मृती

जालन्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काळे ‘मोली’ ग्रीस मिळते. त्यातल्या मोलिब्डेनम डायसल्फाइडचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून घर्षण कमी होते. हेच सरकणे आता संगणकाच्या स्मृतीसाठी उपयोगी पडू पाहत आहे.

काही स्फटिकांत धन आणि ऋण भाराची केंद्रे मुळातच वेगळी असतात; याला ध्रुवीयता म्हणतात. विद्युतदाब दिला की तिची दिशा उलटते आणि दाब काढल्यावरही तशीच राहते. एक दिशा शून्य, दुसरी एक. झाली माहितीची साठवण. फेरोइलेक्ट्रिक नावाचा हा गुण १९२०च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ व्हॅलासेक यांना रोशेल क्षारात सापडला. अडचण अशी, की पापुद्रा फार पातळ केला की सहसा हा गुण क्षीण होतो.

मोलिब्डेनम डायसल्फाइडचा एक थर जेमतेम ०.६५ नॅनोमीटर जाडीचा. निसर्गात बहुधा शेजारचे थर उलटसुलट बसलेले असतात, त्यामुळे दोन थरांत ध्रुवीयता उरत नाही. प्रयोगशाळेत मात्र दोन्ही थर एकाच दिशेने रचता येतात. मग एका थरातले मोलिब्डेनम दुसऱ्यातल्या गंधकासमोर येते, इलेक्ट्रॉन किंचित एका बाजूला झुकतात आणि ध्रुवीयता उमटते. थर ०.२ नॅनोमीटरहूनही कमी सरकला, की ती उलटते. गंमत म्हणजे विद्युतदाब उभा आणि सरकणे आडवे! वुहानच्या लेइ ली आणि मेंगहाओ वू यांनी २०१७ मध्ये हे गणिताने मांडले. २०२१ मध्ये तेल अविव विद्यापीठ आणि एमआयटीतील गटांनी बोरॉन नायट्राइड या दुसऱ्या थरांच्या पदार्थात ते प्रयोगाने दाखवले. मोलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या अर्धवाहकांतला पुरावा २०२२ मध्ये आला.

याआधीच, २०१४ मध्ये, बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातून शर्मिला शिरोडकर आणि आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी उमेश वाघमारे यांनी याच पदार्थाच्या वेगळ्या रचनेतला एकच थर फेरोइलेक्ट्रिक असू शकतो, असे भाकीत केले होते. तिथे थर सरकत नाही, थरातले अणूच जागा बदलतात. तरीही इतक्या पातळ पदार्थात हा गुण शोधण्याचे धाडस भारतातून झाले, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.

२०२४ मध्ये एमआयटीच्या गटाने बोरॉन नायट्राइडच्या सरकत्या थरांचा स्विच १०० अब्ज वेळा उलटवला. तो थकला नाही.

मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या अशा दोन थरांच्या स्फटिकाचा एकक कोश, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान भाग, अवघ्या सहा अणूंचा असतो. त्याचे गणित ‘क्वांटम एस्प्रेसो’ या मोफत प्रणालीवर, साध्या संगणकावरही करता येते. जालन्याच्या महाविद्यालयांतल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते जरूर करून पाहावे.