पुणे ते अमेरिका : अंतर किती, तास किती?

लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूयॉर्कला किंवा नातवंडांना भेटायला सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले आई-बाबा पुण्यात घरोघरी भेटतात. तिकीट हातात पडलं की तेच प्रश्न पडतात, आणि चुकीची उत्तरंही तितक्याच खात्रीने मिळतात.

गैरसमज : अमेरिका पश्चिमेला, म्हणून विमान सरळ पश्चिमेला जातं.
वस्तुस्थिती : पृथ्वीगोलावर पुणे आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये दोरा ताणून पाहा. तो उत्तरेकडे वळून आर्क्टिकमधून, सुमारे ७५ अंश अक्षांशावरून जातो. हे सर्वांत जवळचं अंतर साधारण १३,५०० किलोमीटर भरतं. न्यूयॉर्कचं सुमारे १२,६००. प्रत्यक्ष मार्ग याहून लांब पडतो, कारण सगळी आकाशं खुली नसतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि वळसे वाढले.

गैरसमज : पृथ्वी खालून फिरते, त्यामुळे पश्चिमेला लवकर पोहोचतो.
वस्तुस्थिती : पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीवर उभं विमानही पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असतं, आणि भोवतालची हवाही. उड्डाणानंतर तो वेग हरवत नाही. फरक पडतो तो उंचावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या जेट स्ट्रीम वाऱ्यांमुळे. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जायला साधारण १६ तास लागतात. परतताना वारा पाठीशी असल्याने तास-दीड तास वाचतो.

गैरसमज : तिकिटावरच्या दोन वेळा वजा केल्या की प्रवासाचे तास मिळतात.
वस्तुस्थिती : त्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं. जानेवारीत मुंबईहून रात्री दोनला निघालेलं विमान १६ तासांनी तिथे उतरतं, तेव्हा तिथे त्याच दिवसाचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. वजाबाकी साडेपाच तास दाखवते!

गैरसमज : पुण्यात नवं टर्मिनल झालं, आता थेट अमेरिका.
वस्तुस्थिती : २०२४ मध्ये सुरू झालेल्या टर्मिनलमुळे प्रवाशांची सोय झाली, पण धावपट्टी तीच, सुमारे अडीच किलोमीटरची. विमानतळ समुद्रसपाटीपासून ५९० मीटरवर आहे. उंचावरच्या विरळ, तापलेल्या हवेत इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल कमी होते. त्यामुळे अमेरिकेपर्यंतचं इंधन भरलेल्या जड विमानाला धावायला जास्त लांबी लागते. शिवाय लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. तिथे नागरी उड्डाणांना मर्यादा येतात. म्हणून पुणेकराला मुंबई, दिल्ली किंवा दुबईसारखा थांबा घ्यावाच लागतो.

थोडक्यात, घरापासून घरापर्यंत निदान एक पूर्ण दिवस धरा. तिकीट काढताना थांब्यासह एकूण प्रवासवेळ पाहा. वडीलधाऱ्यांच्या औषधांचं वेळापत्रक, विशेषतः इन्सुलिनचं, डॉक्टरांकडून प्रवासाच्या तासांनुसार आधीच लिहून घ्या.