जुना संगणक काट्यावर घालण्यापूर्वी



गळीत हंगाम आटोपला की कारखान्यात दुरुस्ती-देखभालीची कामे निघतात आणि भंगार विक्रीही त्याच सुमारास होते. पूर्वी या भंगारात गंजलेल्या पट्ट्या, झिजलेले रोलर आणि रिकामी पिंपे एवढेच असे. आता त्यात निराळ्या जातीचा माल शिरला आहे. गट ऑफिसांतले बंद संगणक, पेटीसारखे जुने मॉनिटर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, वजनकाट्याचे बिघडलेले डिस्प्ले, यूपीएसच्या बॅटऱ्या. हा माल लोखंडाबरोबर किलोच्या भावाने द्यावा काय, असा प्रश्न आहे. आमचे उत्तर 'नाही' असे आहे.

शेतकी खात्याचा यात काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध एवढाच, की हे सारे शेवटी जमिनीवरच येते. आपला बगॅस बॉयलरला जातो, मळीपासून अल्कोहोल होते, प्रेसमड कुजवून रानात घालतो. उसाचे काही वाया जात नाही असे आपण अभिमानाने सांगतो. पण शिसे कुजत नाही. पाचट मातीत मिसळून जाते. शिसे मात्र नातवाच्या काळातही मातीच्या वरच्या थरात सापडेल.

या यंत्रांत असते काय? पेटी मॉनिटरच्या मागच्या काचेत सुमारे पाचवा हिस्सा शिशाचे ऑक्साईड असते. जुन्या सर्किट बोर्डावर जो डाख दिलेला असतो, त्यातही शिसे असते. यूपीएसच्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसेच, शिवाय गंधकाचे आम्ल. सुरुवातीच्या सपाट मॉनिटरांत उजेडासाठी ज्या बारीक नळ्या असत, त्यांत पारा आहे.

यंत्र अखंड आहे तोवर यातले काही बाहेर येत नाही. धोका फोडण्यात आहे. तांब्यासाठी वायरी जाळल्या की प्लास्टिकच्या धुरातून डायऑक्सिनसारखी विषे सुटतात. सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवतात आणि उरलेले पाणी गटारात ओततात. दिल्लीच्या सीलमपूर भागात आणि मुरादाबादेत रामगंगेच्या काठी हा उद्योग वर्षानुवर्षे चालत आला. शिसे तर ३२७ अंशालाच वितळते. एक कढई आणि थोडे सरपण पुरे. त्या धुरात लहान मूल वावरले तर त्याच्या मेंदूची वाढ खुंटते. फेरीवाल्या भंगारवाल्याला आम्ही दोष देत नाही. त्याचे पोट त्यावर आहे. विष धरून ठेवायची साधने त्याच्याकडे नाहीत, इतकेच.

आता पैशाची गोष्ट. नोंदणीकृत रिसायकलरचा भाव काही वेळा फेरीवाल्यापेक्षा कमी येतो. मग 'सभासदांचे पैसे का घालवले?' असा सवाल सर्वसाधारण सभेत होणार, आणि तो व्हायलाच पाहिजे. त्याचे उत्तर असे: धूर गाळायला, आम्ल निवळायला खर्च येतो. फेरीवाला तो करत नाही; त्याच्याऐवजी तो ओढ्याकाठचा सभासद भरतो, आपल्या विहिरीतून. शिवाय आपण उताऱ्याची किंमत जाणणारी माणसे. टनाला टन पाहिले तर सोन्याच्या खाणीतल्या दगडापेक्षा सर्किट बोर्डात सोने अधिक असते. पण उघड्यावरच्या आम्लाच्या घमेल्यात त्याचा उतारा फार थोडा पडतो, बाकीचे वाया जाते.

जगात २०२२ साली असा कचरा ६ कोटी २० लाख टन निघाला. त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे. आपल्याकडे ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वर्षात हजार किंवा अधिक नग वापरणाऱ्या संस्थेने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारा किंवा रिसायकलर यांनाच द्यावा, असे बंधन त्यांत आहे. आपले नग हजार भरोत वा न भरोत, रीत हीच असावी.

म्हणून गट ऑफिसांनी आणि सभासदांनी एवढे करावे:

(१) चालू होण्याजोगे यंत्र आधी दुरुस्त करून वापरावे. वापर वाढवणे हीच पहिली बचत.

(२) संगणक देण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून तिला ड्रिलने आरपार भोके पाडावीत. तिच्यात सभासदांचे बँक खाते क्रमांक आणि उसाच्या नोंदी असतात. नुसते पुसून त्या जात नाहीत.

(३) बॅटऱ्या निराळ्या, उभ्या आणि कोरड्या जागी ठेवाव्यात. त्यांना २०२२ चेच पण वेगळे नियम आहेत. नवी घेताना जुनी विक्रेत्याला परत करून पावती घ्यावी.

(४) फुगलेली मोबाईल बॅटरी टोचू नये, चुलीत टाकू नये.

(५) रिसायकलरची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत पाहूनच माल द्यावा. नगवार यादी करून पोच घ्यावी आणि ती दप्तरी लावावी.

घरातला जुना मोबाईल, इन्व्हर्टरची बॅटरी, फुटका टीव्ही यांनाही हेच लागू. बांधावरच्या खड्ड्यात किंवा उकिरड्यावर यातले काहीही टाकू नका. उकिरड्याचे खत होते आणि ते खत आपल्याच सरीत पडते.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग