रीत किती जुनी?

सोयरिकीची बैठक बसते, सुपारी फुटायची वेळ येते, देण्याघेण्याचा विषय निघतो आणि एरंडोल भागात हमखास एक वाक्य ऐकू येतं: “आमचं काही मागणं नाही, पण रीत आहे.” रीत म्हटली की पुढचं बोलणंच खुंटतं. मुलीचा बाप खाली बघून सतरंजीचा दोरा ओढत बसतो. ही रीत नेमकी कधीची, हे म्हणूनच तपासायला हवं.

हुंडा वाडवडिलांपासून चालत आला, हा सगळ्यांत मोठा गैरसमज. खानदेशातल्या बहुतेक शेतकरी, कारागीर आणि आदिवासी जातींत जुनी चाल होती ती देजाची. मुलाचा बाप मुलीच्या बापाला देज द्यायचा. निंदणी, कापूस वेचणी, जातं, गुरंढोरं असं सगळं सांभाळणारे दोन हात एका घरातून दुसऱ्या घरात जात, त्याची ती भरपाई होती. भिल्ल आणि पावरा समाजात आजही देज पंचांसमोर ठरतं. नायजेरियातल्या इग्बो गावांचीही हीच रीत. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीत दोन्हीकडची माणसं काड्यांची जुडी एकमेकांकडे देत, काड्या कमीजास्त करत वधूमूल्य ठरवतात. ते वाचताना आपल्याच गावच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटतं.

देजाचा काळ सोन्याचा होता, असं मी म्हणणार नाही. पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणारे बापही होते. देवलांचं १८९९ चं ‘शारदा’ नाटक त्याच दुखण्यावर आहे. पण मुलगा शिकला, पगार घेऊ लागला, वरच्या म्हणवणाऱ्या जातींचं अनुकरण प्रतिष्ठेचं झालं आणि व्यवहार उलटा फिरला. देज घेणं म्हणजे मुलगी विकणं, अशी लाज वाटू लागली. हुंडा घेण्याची लाज मात्र वाटली नाही. १९६१ च्या कायद्याने हुंड्याला बंदी घातली. ज्याला आज आपण पिढीजात म्हणतो, ते कित्येक घरांत पणजोबांच्या लग्नात नव्हतंच.

दुसरी समजूत अशी, की विधवेचं लग्न ही इंग्रजांनी आणि सुधारकांनी दिलेली गोष्ट. ब्राह्मण आणि उच्चकुलीन घरांपुरतं ते खरं आहे. कुणबी-माळ्यांत मात्र पाट लागायचा, मोहतूर व्हायचं. मराठेशाहीत त्यावर ‘पाटदाम’ नावाचा करच होता, आणि सरकार कर घेत होतं म्हणजे चाल उघड आणि मान्य होती. नवरा-बायकोचं पटलं नाही, तर पंचांसमोर काडी मोडायची. काडीमोड हा शब्द तिथूनच आला.

या चालीतही बाईचा मान कमीच होता. पाट रात्री लागे, वाजंत्री नसे. विधवेशी पाट लावणारा अविवाहित असेल, तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावायचे. त्याचं पहिलं लग्न झाडाशी झालेलं चाले, विधवेशी नाही!

खानदेशात १८१८ साली इंग्रजी अंमल आला. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली, पण दुसरं लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. ज्या जातींत पाट आधीपासूनच चालत होता, त्यांनाही हे कलम लागू आहे, असं मुंबई हायकोर्टाने १८९६ मध्ये ठरवलं. सुधारणेच्या नावाने आलेल्या कायद्याने शेतकऱ्याच्या विधवेच्या हातचा जमिनीचा तुकडा गेला. शाळेत विधवाविवाहाचा धडा शिकवताना हेही सांगायला हवं.

‘कर्ता पुरुषच’ हाही असाच एक समज. आसोद्याच्या बहिणाबाई १८८० च्या. तिसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि जळगावात तीन मुलांसह त्यांनी संसार, शेत सगळं ओढलं. ‘पुरुष रडत नाही’ म्हणणाऱ्यांनी शेजारच्या अंमळनेरला जावं. प्रताप हायस्कूलमधले साने गुरुजी रडायला कधी लाजले नाहीत, आणि त्यांनीच १९४७ साली पंढरपूरचं देऊळ दलितांसाठी खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावले.

आणि पुरुषाने चुलीजवळ जायचं नसतं म्हणे! आख्यायिका सांगते की एरंडोल म्हणजे एकचक्रानगरी, भीमाने बकासुर मारला ती. तोच भीम पुढे विराटाच्या घरी स्वयंपाकी झाला. हिवाळ्यात आपल्याकडे शेतात भरिताची पार्टी असते, तेव्हा कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजतात पुरुष, लाकडी बडगीत हिरव्या मिरचीसह ती ठेचतातही पुरुषच. हात काळे होतात, डोळ्यांतून पाणी येतं, कुणाची मर्दानगी जात नाही.

खरोखर जुनी आणि खरोखर पुरुषांची रीत पाहायची असेल, तर कानबाईचे रोट पाहावेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, मुंबई-सुरतेला गेलेले भाऊबंदही गावी येतात. रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे. देवी बाई, रांधणाऱ्या बाया, मोजदाद मात्र पुरुषांची. गेल्या श्रावणात गहू घेताना काकूने नावं म्हणत म्हणत मधेच आपल्या मुलीचं नाव घेतलं आणि सव्वा मूठ परातीत टाकली. आजी बराच वेळ परातीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पीठ जरा जाडसर दळून आणा.”