पुराचा हिशेब आणि उभे जंगल

२६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही दिवशी वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली. दोन्ही वेळा चर्चा झाली ती अतिवृष्टीची, समुद्राच्या भरतीची, कोयना प्रकल्पाचे कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येणारे पाणी आणि नदीपात्रातील गाळ यांची. ही कारणे महत्त्वाची आहेतच. तथापि या हिशेबात सह्याद्रीच्या उतारावरील उभ्या जंगलाची रक्कम बहुधा धरलीच जात नाही.

शीत प्रदेशांतील पूर निराळा असतो. अमेरिकेतील साऊथ डकोटा राज्यात हिवाळाभर साठलेले हिम वसंतात वितळते आणि नद्या फुगतात. २०१९ च्या मार्चमध्ये हिम वितळत असतानाच जोराचा पाऊस झाला, तेव्हा मिसुरीच्या खोऱ्यात हाहाकार उडाला. परंतु एरवी साठलेले हिम मोजता येते आणि पुराची चाहूल काही आठवडे आधी लागते. कोकणाला ही सवलत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत; आणि घाटमाथा ते समुद्र हे अंतर जेमतेम साठ-सत्तर किलोमीटरचे. रात्री डोंगरावर पडलेले पाणी सकाळी बाजारात येते.

हे पाणी काही काळ थोपवून धरील असे कोठार कोकणात एकच, ते म्हणजे जंगलाची जमीन. पालापाचोळा आणि मुळांनी भुसभुशीत झालेली माती पाणी जिरवते व सावकाश सोडते. झाडे तुटली की तेच पाणी माती घेऊन धावते. ती माती पात्रात बसते, पात्र उथळ होते आणि मध्यम पावसातही नदी काठ ओलांडते. याच उतारांवर, झुडुपांच्या आडोशाला, फेझंटच्या कुळातला आपला रानकोंबडा जमिनीवर अंडी घालतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला शिकाऱ्यापासून अभय दिले. पण त्याचे रान मालकाच्या गरजेवर अवलंबून राहिले.

कारण रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक जंगल खासगी मालकीचे आहे. झाडे विकली तर मालकाच्या हाती चार पैसे येतात, राखली तर काहीच येत नाही. मुलीचे लग्न, आजारपण किंवा मुंबईतील खोलीचे भाडे या अडचणी निघाल्या की ठेकेदार दारात उभा असतो. तोडीचा लाभ वरच्या गावात आणि तोटा खालच्या दुकानदाराच्या गल्ल्यात, अशी ही वाटणी आहे. अर्थशास्त्र याला बाह्य परिणाम म्हणते. मालकाला लोभी ठरवून हा प्रश्न सुटणार नाही.

याबाबत शिकाऱ्यांच्या त्याच डकोटातील एक अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. अमेरिकेत १९८५ च्या कृषी कायद्याने, धूप होणारी शेतजमीन पडीक ठेवून तिच्यावर गवत किंवा झाडे राखणाऱ्या शेतकऱ्याला दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने वार्षिक भाडे देण्यास प्रारंभ झाला. हेतू माती वाचविण्याचा होता. पण गवत वाढले, तसे फेझंटही वाढले. वाशिष्ठी, जगबुडी, शास्त्री आणि अर्जुना या नद्यांच्या उगमाकडील उतारांवर जंगल राखणाऱ्या खातेदारांना असे वार्षिक भाडे का देऊ नये?

उभे जंगल २०२१ सारखी अतिवृष्टी एकट्याने अडवील, असा दावा कोणी करू नये. गाळ काढावाच लागेल, पूररेषेचे बंधन पाळावेच लागेल. चिपळूणच्या नागरिकांनी २०२१ च्या डिसेंबरात उपोषण केल्यावर वाशिष्ठीतील गाळ उपसण्यास वेग आला, हेही खरे. परंतु माथ्यावरची माती सुटतच राहिली, तर तो उपसा दरवर्षीचा खर्च होऊन बसेल. गाळ काढण्यासाठी तिजोरी उघडते. तो येऊच नये म्हणून झाड राखणाऱ्यालाही तिच्यातून वाटा मिळाला पाहिजे.