गाणी वगळून जे उरतं ते

पीएलच्या दिवसांत रात्री हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर एक फेरी मारा. चार रूम्समागे एका रूममधून तरी 'इंटरस्टेलर'चा ऑर्गन ऐकू येणारच. हान्स झिमर लावल्याशिवाय आपल्या पब्लिकला एम-थ्री सुटत नाही. यात वाईट काहीच नाही. उलट मला तर बरंच वाटतं, कारण गाण्याच्या शब्दांकडे न जाता नुसतं पार्श्वसंगीत, म्हणजे आपल्या भाषेत 'बीजीएम', जमवणारी एक जमात कॉलेजात तयार झालीय. फोनमध्ये झिमर आहे, ए. आर. रहमान आहे, अजय-अतुल आहेत. मग एखाद्या दिवशी फर्स्ट इयरचा कुणीतरी विचारतो, "दादा, जुन्यातलं काय ऐकू?"

इथेच घोळ होतो. 'जुनं' म्हटलं की समोरचा लगेच जुन्या गाण्यांची यादी देतो. लता, आशा, किशोर, बाबूजी. अहो, ती तर घरी आईबाबांनी लहानपणापासून ऐकवलेलीच असतात! पोराने विचारलंय गाण्यांच्या मधलं संगीत. आणि ते दुकानात, ॲपवर, कुठेच धड मिळत नाही.

का मिळत नाही, याचं कारण आपल्याच शाखांमधलं आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटं आवाज मावायचा. गाणं त्यात बसायचं. नाही बसलं तर एखादं कडवं कापून बसवायचे. पार्श्वसंगीत मात्र कधी बारा सेकंदांचं, कधी सात मिनिटांचं, त्याची तबकडी कोण काढणार? पुढे एलपी आली, जागा वाढली, तरी कंपन्यांनी गाणीच छापली. 'शोले' (१९७५) इतका चालला की त्याच्या संवादांची रेकॉर्ड निघाली आणि तुफान खपली, पण पार्श्वसंगीताला तो मान मिळाला नाही.

दुसरं कारण फिल्मच्या पट्टीतच आहे. ३५ मिमी फिल्मवर चित्राच्या कडेला एक बारीक पट्टा असतो. त्यातून दिव्याचा प्रकाश फोटोसेलवर पडतो आणि पट्टा कमी-जास्त रुंद होईल तसा सिग्नल बदलतो. (ईएनटीसीवाल्यांनी इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही.) त्या एका पट्ट्यात संवाद, दारांचे आवाज आणि संगीत सगळं आधीच मिसळलेलं असतं. मिसळण्याआधीच्या वेगळ्या ध्वनिफिती बहुतेकांनी जपल्या नाहीत. म्हणजे जुन्या पार्श्वसंगीताची एकुलती एक प्रत म्हणजे तो सिनेमाच. सिनेमा गेला की संगीतही गेलं. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि 'प्रभात'सकट कितीतरी जुन्या मूळ फिल्म्स जळाल्या. ज्यांच्या प्रती आधी काढलेल्या होत्या, ते सिनेमे आज आपण पाहू शकतो.

तेव्हा नव्या संग्राहकाला माझं पहिलं सांगणं असं की फाइल्स जमवू नका, प्रसंग जमवा. एक वही करा. सिनेमाचं नाव, कितव्या मिनिटाला, कोणतं वाद्य, कधी सुरू झालं आणि (हे महत्त्वाचं) कधी थांबलं.

सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर ऐकून हसाल. ज्यात पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, अशा सिनेमापासून. व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' (१९३७), हिंदीत 'दुनिया न माने'. संगीतकार केशवराव भोळे. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते, ही गोष्ट. प्रसंगाला रडवेलं किंवा भयंकर करण्यासाठी बाहेरून वाद्यं आणायची नाहीत, असं इथे ठरवलेलं आहे. घरातलं घड्याळ, वस्तू, माणसं यांचेच आवाज. गाणीसुद्धा पात्रं खरोखर गातात म्हणून येतात. शांता आपटे यांनी तर लाँगफेलोची इंग्रजी कविता गायलीय, १९३७ साली! हा सिनेमा पाहिल्यावर कान साफ होतात. मग 'सैराट'च्या शेवटी आवाज का काढून घेतला ते जास्त कळतं. लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केलेला सिनेमा, आणि सगळ्यात मोठा घाव शांततेत घातलाय.

त्यानंतर सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (१९५५). पंडित रविशंकरांनी याचं संगीत एका बैठकीत, जवळपास रात्रभर बसून, रेकॉर्ड केलं. यातला एक प्रसंग वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दुर्गा गेलेली आहे. बाप हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी येतो, तिच्यासाठी आणलेली साडी काढून दाखवतो, आणि आई सर्बजया कोसळते. तिचं तोंड रडण्यासाठी उघडतं, पण तिचा आवाज येत नाही. त्या जागी तार शहनाई येते, दक्षिणामोहन टागोरांनी वाजवलेली, पटदीप रागातली. माणसाचा आवाज काढून वाद्याला दिलाय. मी हा प्रसंग आधी आवाजासकट, मग म्यूट करून, मग डोळे मिटून, असा तीनदा घेतला. म्यूट केल्यावर ती बाई नुसती वाकलेली दिसते. डोळे मिटल्यावर नुसता राग ऐकू येतो. दोन्ही एकत्र आले की मात्र बघवत नाही. तुम्हीही असंच करून पाहा. कोणत्याही प्रसंगाला ही टेस्ट लावता येते आणि खर्च शून्य.

आता जरा चैनीचं. 'शोले' पुन्हा पाहा, पण गाणी आणि गब्बरचे डायलॉग पाठ असल्याचं विसरून. संध्याकाळी राधा एकेक दिवा मालवतेय आणि खाली जय माउथ ऑर्गन वाजवतोय. दोघांत बोलणं नाही, सगळं प्रकरण त्या छोट्या धुनेवर चाललंय. संगीत राहुलदेव बर्मन यांचं, माउथ ऑर्गन वाजवला भानू गुप्तांनी. ठाकूरचं कुटुंब मारलं जातं तिथे नीट ऐका, गोळ्या थांबल्यावर करकरणारा झोपाळा ऐकू येतो. हे आवडलं तर सर्जिओ लिओनेचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) घ्या. 'शोले'वाल्यांनी हा सिनेमा किती बारकाईने पाहिला होता ते लगेच लक्षात येईल. स्टेशनवरच्या सुरुवातीच्या लांबलचक प्रसंगात संगीत नाही, नुसती करकरणारी पवनचक्की, ठिबकणारं पाणी, एक माशी. आणि मग माउथ ऑर्गन. एनिओ मोरिकोनेने मुख्य धुना शूटिंगच्या आधीच तयार केल्या होत्या आणि लिओने त्या सेटवर वाजवायचा. आधी सबमिशन, मग प्रॅक्टिकल!

उलटं उदाहरण हवं असेल तर 'सायको' (१९६०). हिचकॉकला बाथरूममधला खून संगीताशिवाय हवा होता. बर्नार्ड हरमनने तरीही फक्त तंतुवाद्यांवर तो तुकडा लिहिला, आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. म्हणजे शांतता नेहमीच श्रेष्ठ, असला नियम करू नका.

वनराज भाटिया हे नाव आपल्या पिढीला फारसं माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. लंडन आणि पॅरिसला पाश्चात्त्य संगीत शिकून आलेला हा माणूस. श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'पासून (१९७४) त्यांचं काम ऐकता येतं. हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावरून केलेल्या 'भूमिका'त (१९७७) तर त्यांनी वेगवेगळ्या दशकांतल्या फिल्मी संगीताचा ढंग उभा केलाय. गोविंद निहलानींच्या 'तमस'साठी (१९८८) त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'तमस' मात्र अभ्यास करता करता लावण्यासारखा नाही, आधीच सांगून ठेवतो.

मराठीत भास्कर चंदावरकर. सतारवादक, रविशंकरांचे शिष्य, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. जब्बार पटेलांचा 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला, त्याचं संगीत त्यांचं. आणि 'श्वास' (२००४) त्यांचाच, हे कितीजणांना ठाऊक आहे? डोळे जाणार असलेल्या मुलाची ती गोष्ट. तिथे संगीतकाराने किती कमी वाजवावं, हे 'श्वास'वरून शिकावं.

आपल्या जिल्ह्याचं नाव राहिलंच. 'जैत रे जैत' (१९७७), गो. नी. दांडेकरांची कादंबरी, संगीत हृदयनाथ मंगेशकर, आणि गीतं ना. धों. महानोरांची. महानोर (निधन २०२३) अजिंठ्याच्या पायथ्याच्या, सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्याचे. गोष्ट ठाकर समाजाची, डोंगर कोकणातला, आणि शब्द आपल्या मराठवाड्याच्या शेतकऱ्याचे. यात गाणं कुठे संपतं आणि पार्श्वसंगीत कुठे सुरू होतं ते ठरवणं अवघड जातं, कोरसच गोष्ट पुढे नेतो. म्हणून हा शेवटी ठेवा. वहीत याच्या नोंदी करताना रकाने अपुरे पडतील.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. नेटवरच्या जुन्या सिनेमांच्या काही प्रती भलत्याच 'साफ' केलेल्या असतात, खरखरीबरोबर वाद्यांची धारही गेलेली असते. दोन प्रती मिळाल्या तर थोडी खरखर असलेली निवडा. आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचे स्वर ऐकूच येत नाहीत. साधे वायरवाले हेडफोन चालतील. रूम पार्टनरला झोपू द्या.