कुलमुखत्यारपत्र कधी संपतं?

आईवडिलांकडून कुलमुखत्यारपत्र करून घेतलं की पुढची काळजी मिटली, असं अनेक घरांत धरून चालतात. पण भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २०१नुसार अधिकार देणाऱ्याची आकलनक्षमता गेली की मुखत्याराचा अधिकारही सहसा संपतो. म्हणजे नेमका हवा असतो तेव्हाच! डिमेन्शिया बळावल्यावर त्या कागदावर फ्लॅट विकणं म्हणूनच धोक्याचं. मग उरते न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याची वाट, तीही लांबची. इंग्लंड-वेल्समध्ये २००७पासून ‘लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी’ आहे. शुद्धीत असताना केलेलं आणि नोंदवलेलं ते पत्र भान हरपल्यावरही चालतं. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आगाऊ सूचना लिहून प्रतिनिधी नेमता येतो, पण मानसिक उपचारांपुरताच. बँकेत त्याचा उपयोग नाही.